पानावर आडवा हात

ओझरच्या श्रीविघ्नहराला साष्टांग नमन करून, आणि ज्याने अन्न दिले, अन्न पचविणारा अग्नी दिला व त्या दोहोंना आपापली मर्यादा घालून दिली त्या जगन्नियंत्याचे स्मरण करून हे लिहावयास बसलो आहे. काल खोडदला तुझे तेरावे झाले. आज सकाळी स्नानसंध्या आटोपल्यावर कागद पुढे ओढला आणि प्रथम तुझेच नाव घेतले.

चि. शेवंता,

सवयीने नावाआधी 'चि.' पडला. हयात नसलेल्यास तो लावीत नाहीत हे मीच तुम्हा मुलांना पत्रलेखनाच्या तासाला शिकविले होते. पण ऐंशी ओलांडलेल्या शिक्षकाने साठीतल्या विद्यार्थिनीचा स्मृतिलेख लिहावा हेच मुळात क्रमाला सोडून आहे. तेव्हा एका अक्षरापुरता नियम मोडला तर कोणाचे काही बिघडणार नाही. राहू दे तो.

तुझ्या पदव्या आणि मानसन्मान दशक्रियेच्या दिवशी नदीकाठी इतरांनी सांगितले. एका वक्त्याने तुला 'साखरेच्या डॉक्टरीणबाई' म्हटले, आणि मागून कोणीतरी पुसले, "मग दवाखाना कुठं व्हता त्यांचा?" तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. ज्यांना तू ठाऊक नाहीस त्यांच्यासाठी मी एवढेच लिहितो: मेंढपाळाच्या घरात जन्मलेली ही मुलगी शाळेत माझ्याकडे संस्कृत शिकली, पुढे तिने पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे जन्म घालवला, आणि मधुमेहात शरीरातल्या काही थोड्या पेशी कशा थकतात, कशा कण्हतात आणि अखेरीस कशा मरतात याचा अभ्यास केला. नोकरीत कोणाला सुई टोचली नाही, कोणाची नाडी पाहिली नाही. जे कोणाला दिसत नाही त्याच्या दुःखाची ती साक्षीदार होती.

आठवीच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी विचारले होते, "संस्कृत का घेतलेस?" इतर मुलांनी देववाणी, संस्कृती वगैरे घरून पाठ करून आणलेली उत्तरे दिली. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "गुरुजी, मार्क लई पडत्यात म्हणून." वर्ग हसला. मीही हसलो, आणि मनात म्हटले, ही खोटे बोलणार नाही. ती परीक्षा तू त्याच दिवशी उत्तीर्ण झालीस. बाकीच्या परीक्षा नंतरच्या.

आता आपल्या वादाकडे येतो, कारण हा लेख त्याच्याचसाठी आहे.

माझ्या तीर्थरूपांनी मला प्रथम यजमानाघरी नेले तेव्हा वाटेत एकच नियम सांगितला होता. "वाढलेले नाकारायचे नाही आणि पानात टाकायचे नाही. देणाऱ्याचा हात तो देवाचा हात." शाळा सांभाळून पौरोहित्य केले त्या साऱ्या वर्षांत मी हा नियम पाळला. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत माझी ख्याती मंत्रोच्चारापेक्षा या नियमामुळेच अधिक असावी. "गुरुजी पान पुसून उठतात," असे यजमान अभिमानाने सांगत. आपल्याकडच्या पंगतीतला आग्रह कोणास नव्याने सांगावयास नको. पाहुणा 'पुरे' म्हणाला की वाढणारा ऐकतो 'अजून'. त्याने 'पुरे' खरे मानले तर यजमानाचे मन लहान, असे आपण मानतो. मला त्यात कधी काही वावगे वाटले नाही. अन्न ब्रह्म आहे, आणि ब्रह्माला पुरे म्हणणारा मी कोण?

तू नोकरीतून मोकळी होऊन खोडदला भावाच्या घरी राहावयास आलीस, त्याच सुमारास माझी तहान वाढली, पायांची आग होऊ लागली आणि अंगावरचा सदरा सैल पडू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासले, गोळी दिली, पथ्य सांगितले. गोळी मी नेमाने घेतली. पथ्य घरच्या जेवणाला पाळले. पंगतीत मात्र नियम तोच राहिला.

पेठला तुझ्या मावसबहिणीने हमरस्त्याला लागून नवे घर बांधले. त्याची वास्तुशांत मी केली. पुरणपोळीचे जेवण होते, आणि अपेक्षेपेक्षा माणसे अधिक आली होती. यजमान बादलीतून गुळवणी ओतीत माझ्यापुढे वाकले होते. "गुरुजी, एवढ्यानं काय व्हतंय? पोळी कोरडी पडली की वो! घ्या, घ्या." समोरच्या ओळीत तू होतीस. तू माझ्या द्रोणाकडे पाहत होतीस. हात धुऊन मी मांडवात टेकलो तोच तू येऊन म्हणालीस, "गुरुजी, जरा मागच्या अंगणात चला. तुम्हाला माझी प्रयोगशाळा दाखवते."

मागे चुलीवर पोळ्या चालल्या होत्या. पंगतीवर पंगत बसत होती आणि बाहेरून यजमानाची हाक थांबत नव्हती, "पोळ्या आणा, पोळ्या!" घाईत पुरण भरलेल्या उंड्याचे तोंड नीट मिटत नव्हते. पोळी तव्यावर फुटे, पुरण बाहेर येई, करपे, आणि त्या करपलेल्या तव्यावर पुढची पोळीही चिकटे. तेवढ्यात तुझ्या आत्याबाईंचा आवाज चढला.

"ए, नवी कणीक मळणं थांबवा आधी! हाय त्या उंड्यांचं बघा. ती सुमी कुठंय? तिला बसवा उंडे भरायला, अजून दोघींना बोलवा. आन् फुटलेल्या बाजूला काढा गं, म्हशीला जातील. तव्याशी गर्दी नको!"

तू माझ्या कानाशी वाकून म्हणालीस, "बघा गुरुजी. हेच. मी आयुष्यभर हेच बघितलं."

मग तिथेच, पाण्याच्या पिंपाजवळ उभ्या उभ्या, तू मला जे शिकविलेस त्याहून स्वच्छ पाठ मी स्वतः कधी दिला नाही. स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे असतात. त्यांतल्या काही पेशींकडे इन्सुलिन करण्याचे काम असते. इन्सुलिन आधी लांब साखळीसारखे तयार होते, मग पेशीच्या आत एका घडीघरात त्याची नेमकी घडी पडावी लागते. घडी चुकली की ते निरुपयोगी. रक्तात साखर फार झाली आणि शरीर इन्सुलिनचे ऐकेनासे झाले की बाहेरून एकच हाक येत राहते: अजून, अजून. घडीघर तुंबते. चुकलेल्या घड्या साचतात. तेव्हा पेशी आत्याबाईंसारखीच वागते. आधी नवे काम घेणे थांबविते. मग घडी घालणारे मदतनीस वाढविते. जे बिघडले ते मोडीत काढते.

"म्हणजे ती 'पुरे' म्हणते," मी म्हणालो.

"हो. सगळ्यात आधी ती 'पुरे' म्हणते," तू म्हणालीस. "आणि बाहेर तुम्ही बादलीखाली द्रोण धरून बसलेले असता."

मी विचारले, तरीही हाक थांबली नाही तर? तू चुलीकडे पाहिलेस. म्हणालीस, पेशीतले जे निरोपे आधी 'सावरा' म्हणत धावत असतात, तेच काही काळाने 'आवरा' म्हणू लागतात. मग पेशी आपली चूल आपणच विझविते. लाकडे मागे ओढते, निखाऱ्यावर राख घालते, भांडी रचून ठेवते, आणि जाते. शेजारच्या पेशी तिचे उरलेले नीट गुंडाळून घेतात. काही पेशींना तेवढीही उसंत मिळत नाही; त्या फुटतात, आणि त्यांच्या आगीची झळ शेजाऱ्यांना लागते. आणि काही, तू म्हणालीस, मरत नाहीत, पण आपले कामच विसरतात. चूल पेटती असते. बाई मात्र पोळी करावयाची विसरून नुसती बसलेली असते.

"या शेवटच्या मला फार प्रिय आहेत," तू म्हणालीस. "त्यांच्यावरचा भार हलका झाला, तर त्यांतल्या काहींना काम पुन्हा आठवतं. सगळ्यांना नाही, गुरुजी. काहींना. आणि किती काळ, ते आम्हाला अजून नीट सांगता येत नाही." आठवीतल्या मुलीइतकेच प्रामाणिक उत्तर होते ते.

मग तू सरळ विचारलेस, "तुमच्या पोटात अशा थोड्या अजून जिवंत आहेत. त्यांच्यासाठी पंगतीत एकदा पानावर आडवा हात धराल?"

मी नाही म्हणालो. अन्नाचा अवमान करू नये ही श्रुतीची आज्ञा आहे, आणि वडिलांना दिलेला शब्द आहे, असे सांगितले. तू मान हलविलीस. वाद तेथे सुरू झाला.

तुझ्या विरुद्ध जाण्यासाठी मी शास्त्रातून एक तोड काढली होती, ती तुला फार उशिरा कळली. पितृपक्षात रोज कोठे ना कोठे खीर असते. मी ठरविले की एके दिवशी पंगत, दुसऱ्या दिवशी कडक उपवास. म्हणजे पाप आणि प्रायश्चित्त यांचा मेळ बसेल. गोळी मात्र डॉक्टरांची आज्ञा म्हणून उपवासालाही घेत होतो. आणि संकष्टीच्या दुपारी देवापुढे अथर्वशीर्षाचे आवर्तन करता करता हात कापू लागले, अंगाला घाम सुटला, आणि नेहमीचे शब्द जिभेवर येईनात. माईंनी, म्हणजे माझ्या पत्नीने, माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि तुला फोन लावला. खोडदहून तू भावाच्या गाडीवर मागे बसून आलीस. बोट टोचून यंत्रावर आकडा पाहिलास, आणि मी सावरेपर्यंत शेजारी बसून राहिलीस. मग म्हणालीस, "गुरुजी, पेशींना प्रायश्चित्त कळत नाही. त्यांना रोजचं कळतं. काल पूर आणि आज दुष्काळ, याला त्या तप म्हणत नाहीत."

"सांग बाई, तूच सांग," माई म्हणाल्या. "आमचं ऐकतील तर ते गुरुजी कसले! चतुर्थीला चंद्र उगवायच्या आधी गूळ खाल्ला म्हणून आता देवाची क्षमा मागत बसले असतील मनात."

मागतच होतो. तू ते ओळखलेस आणि हसलीस. गोळी, जेवण आणि उपवास यांची सांगड डॉक्टरांना विचारून घालावयाची हे तू माझ्याकडून विघ्नहरासमोर वदवून घेतलेस. तेवढे मी पाळले. पंगतीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पुढच्या हिवाळ्यात मी अनेकदा खोडदला आलो. तुमच्या ओट्यावर आपण बसत असू. शेतांपलीकडे त्या प्रचंड रेडिओ दुर्बिणींच्या जाळीदार ताटल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असत. कधी सगळ्या मिळून सावकाश मान वळवीत. तुझा थोरला भाऊ खंडू उरलेली थोडी मेंढरे घेऊन बांधावरून परते. एकदा तो कळपाला लसूणघासाच्या कोवळ्या तुकड्यापासून काठीने मागे रेटीत होता. मी विचारले, भुकेली आहेत, खाऊ का देत नाहीस? तो म्हणाला, "गुरुजी, मोकाट सोडली तर फुगून मरत्याल. त्यांस्नी थांबायचं कळत न्हाई. आपण थांबवायचं असतं."

तू ओट्यावरून ओरडलीस, "दादा, मेंढरू थांबवतोस आन् पावणं आलं की बादली घेऊन त्यांच्या मागं धावतोस, ते रं?"

"पावणं म्हंजी मेंढरू व्हय?" खंडू म्हणाला. "त्यांस्नी तोंड हाय की. नको म्हणावं त्यांनी."

"नको म्हटलं की तू दोन वाढतोस!"

खंडू मेंढरे हाकीत गोठ्याकडे गेला. तू माझ्याकडे पाहिलेस. तो प्रश्न मलाही होता, पण शिक्षक असल्यामुळे मला विषय बदलता आला.

मी चूल विझविणाऱ्या पेशीचा विषय काढला. म्हणालो, शेवंता, मला तिच्यात योगी दिसतो. देहाचे प्रयोजन संपले असे जाणून शांतपणे देह ठेवणारा. तू लगेच हात वर केलास. "नको, गुरुजी. योग्याला काहीतरी हवं असतं, निदान मोक्ष तरी. पेशीला काही नको असतं. ती जाते, कारण तिचं कोणी ऐकलं नाही. आपण तिला संत केलं की आपण सुटतो."

हे वाक्य मला लागले. मी म्हणालो, सगळीच मरणे तशी नसतील. तेव्हा तूच मला ती दुसरी गोष्ट सांगितलीस. गर्भात हात प्रथम वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांच्या मधल्या पेशी आपापल्या वेळी निघून जातात आणि मग बोटे सुटी होतात. त्या गेल्या नसत्या तर हाताला बोटे नसती. मी माझ्या हाताकडे पाहत राहिलो. याच बोटांच्या पेरांवर मी जन्मभर जप मोजला. आणि दोन बोटांमधली जागा कोणाच्या तरी जाण्याने झालेली आहे हे मला माझ्या विद्यार्थिनीने माझ्या म्हातारपणी शिकवावे! आपल्या परंपरेत म्हणतात की सर्वत्र जय इच्छावा, शिष्याकडून मात्र पराजय इच्छावा. त्या संध्याकाळी मी किती सुखाने हरलो, ते तुला सांगावयाचे राहूनच गेले.

"मग वेळेवरचे जाणे आणि वेळेआधीचे जाणे यांत भेद आहे," मी म्हणालो. "एकाने हात घडतो, दुसऱ्याने घर रिकामे होते."

"तेवढं मान्य," तू म्हणालीस. "बाकीचं पुन्हा बसू तेव्हा."

पुन्हा बसलो ते तुझ्या खाटेशी. तुझा आजार वेगळाच होता. त्याचे नाव येथे नको. तू थकली होतीस, पण तुझी थट्टा थकली नव्हती. खंडू पाणी घेऊन आला नि गेला. मग तू म्हणालीस, "गुरुजी, माझ्या तेराव्याला पुरणपोळी असणार. दादा गुळवणीची बादली घेऊन तुमच्यापुढे उभा राहणार. मी नसेन. तेव्हा बघू तुमचं."

मी रागावलो. असे अभद्र बोलू नये म्हणालो. तू डोळे मिटलेस. ओठांवर हसू तसेच होते. शब्द मात्र मी दिला नाही. तीच आपली शेवटची भेट. तू गेलीस तीही आवरासावर करून. घरात कोणाला झळ लागू न देता. हे लिहिताना तुझा वर झालेला हात मला दिसतो: 'नको, गुरुजी, संत करू नका.' बरे. नाही करीत.

काल मी आणि माई सकाळीच खोडदला पोहोचलो. विधी झाला. अंगणात मांडव घातला होता, पाने मांडली गेली. मला ओळीच्या अग्रभागी बसविले. समोर स्त्रियांच्या ओळीत माई. मी पानाच्या उजवीकडे भाताच्या चित्राहुती ठेवल्या, आचमन केले. एक पोळी वाढली होती ती तूप लावून सावकाश खाल्ली. भात, आमटी, भाजी झाली. आणि खंडू आला. एका हातात पोळ्यांची परात, मागे त्याचा पुतण्या बादली घेऊन.

शेवंता, त्या क्षणी माझ्या मनात काय चालले होते ते सांगतो. एका बाजूला वडिलांचा शब्द. शिवाय हे लग्नाचे जेवण नव्हते. तेराव्याला ब्राह्मण तृप्त झाला की गेलेला जीव तृप्त होतो, असे मीच आजवर या गावांतून सांगत आलो. दुसऱ्या बाजूला पिंपाजवळ उभी राहिलेली तू. पोळी पानाच्या दिशेने खाली आली, आणि मी उजवा हात पानावर आडवा धरला.

खंडू थांबला. त्याला वाटले मी शिष्टाचाराने म्हणतो आहे. "घ्या की गुरुजी, एकच हाय."

"पुरे, खंडू."

"हात काढा, गुरुजी." त्याचा स्वर बदलला. "तिच्या नावाची हाय ही. तुमी न्हाई म्हणल्यावर काय ऱ्हायलं? तिला उपाशी धाडता व्हय?"

ओळीतले हात थांबले. समोर माईंनी घास तसाच धरला होता. मी हात हलविला नाही. म्हणालो, "खंडू, तुझ्या बहिणीने ज्यांना वाचविण्यासाठी जन्म घालवला, त्यांतल्या काही थोड्या माझ्या पोटात अजून जिवंत आहेत. त्या 'पुरे' म्हणताहेत. तिच्याच तेराव्याला मी त्यांचे ऐकावयास नको?"

खंडू परात धरून तसाच उभा राहिला. मग डोळे पुसावयास हात मोकळा नाही म्हणून त्याने खांद्याला गाल घासला आणि म्हणाला, "लई हट्टी व्हती. मेल्यावर बी आपलंच खरं केलं बघा." आणि जरा थांबून विचारले, "मग काय वाढू?"

शेवंता, इतक्या वर्षांत, इतक्या घरांत, हा प्रश्न मला कोणत्याही यजमानाने विचारला नव्हता. मी म्हणालो, "ताक." त्याने स्वतः जाऊन ताक आणले आणि द्रोणात ओतले. तुला सांगतो, मी तृप्त झालो. आणि मी आजवर सांगत आलो ते खरे असेल, तर तूही झाली असशील.

खंडू पुढच्या पानाशी गेला. पोळी टाकावयास वाकला, थबकला, आणि त्याने विचारले, "बाबा, वाढू का?"

शेजारचे म्हातारबाबा म्हणाले, "वाढ की! आन् दोन वाढ. मला कुठं साखर हाय?"

सगळी ओळ हसली. तेराव्याच्या मांडवात असे हसू मी प्रथमच ऐकले. पण खंडू पुढेही प्रत्येक पानाशी थांबून विचारीत गेला. कोणी हो म्हणाले, कोणी हात आडवा धरला, एकीने अर्धी मागितली. ज्याने नको म्हटले त्याला त्याने वाढले नाही. परात घरात परत गेली तेव्हा तिच्यात पोळ्या शिल्लक होत्या, आणि त्यामुळे यजमानाचे मन लहान झालेले मला दिसले नाही. ओझरला परतताना माई एवढेच म्हणाल्या, "सुटले बाई मी!" आणि मग वाटभर तुझ्याविषयी बोलत राहिल्या.

वडिलांचा नियम मी मोडला, असे मला आज वाटत नाही. देणाऱ्याचा हात देवाचा, हे खरेच आहे. पानावर आडवा धरलेला हातही त्यानेच घडविला. आणि तो कसा घडविला हे तूच मला शिकविलेस. उरलेला वाद आपण पुढे कधी तरी करू. पेशीत योगी आहे की नाही, या प्रश्नावर मी अजून हार मानलेली नाही.

आता हे वाचणाऱ्या सुहृदांनो, तुमच्या घरी अन्न कधी कमी पडू नये, आणि त्याचा भार कधी कोणावर होऊ नये. तुमच्या पंगतीत वाढणारा विचारून वाढो, आणि नको म्हणणाऱ्याचे ऐकले जावो. तुमच्या देहात जे मुकाट्याने राबतात, त्यांना रोजची विश्रांती लाभो. तुमच्या घरची चूल आपल्या वेळी पेटो आणि आपल्याच वेळी विझो. श्रीविघ्नहर तुमच्या लेकीबाळींना खरे बोलण्याचे बळ देवो, आणि तुमच्या वडीलधाऱ्यांना त्यांच्याकडून आनंदाने हरण्याचे भाग्य देवो.